पिल्लांवाचून पान्हा

रक्ताभिसरणाच्या शोधामुळे जगाला ठाऊक असलेल्या विल्यम हार्वेने सत्तरी ओलांडल्यावर, 1651 साली, प्राण्यांच्या जननावर एक जाडजूड लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोंबडीच्या अंड्यावर पानंच्या पानं आहेत, राजाच्या राखीव रानातल्या हरिणींची चिरफाड आहे, आणि गर्भधारणेच्या विवेचनात मध्येच कुत्र्यांवरचा एक लहानसा उतारा आहे. खाऊनपिऊन सुस्तावलेल्या काही कुत्र्या नराकडे जातात, पण गाभण राहत नाहीत. तरीही विण्याची वेळ यावी तेव्हा त्या मंदावतात, विणाऱ्या कुत्रीसारख्या भुंकतात, दुसरीची पिल्लं पळवून आणतात, त्यांना चाटतात, त्यांच्यासाठी कडाकडा भांडतात. काहींच्या आचळांत चीकही उतरतो. अंडी नसताना खुडूक होणारी कोंबडी हार्वेला याच प्रकारातली वाटली.

आज पशुवैद्याकडे येणारी तक्रार याहून फार वेगळी नसते. माज सरून दीड-दोन महिने झाले की कुत्री खाणं टाकते, पलंगाखालचा कोपरा उकरते, चादर ओढून तिथे बिछाना करते. एखादी चप्पल किंवा मुलांचं खेळणं तोंडात धरून फिरते आणि कुणी ते उचलायला गेलं तर गुरगुरते. आचळं फुगतात, दूध येतं. पोटात मात्र काही नसतं. हार्वेचं वर्णन एका बाबतीत अपुरं आहे: कुत्रीने नराचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी हे सगळं घडतं. दुसऱ्या बाबतीत ते चुकलेलं आहे: जास्त खाण्याने हे होत नाही. दोष कुत्रीच्या ऐदीपणात किंवा हौसेत शोधायची खोड मात्र हार्वेबरोबर संपली नाही. ‘हिला आई व्हायचंय बिचारीला’ हे वाक्य आजही ज्या सहजपणे उच्चारलं जातं, त्याची मुळं त्याच खोडीत आहेत.

हार्वेला या कुत्र्यांची गरज का पडली, तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या चार्ल्स राजाला हरणांच्या शिकारीचा नाद होता आणि मारलेल्या हरिणी तपासायची मोकळीक राजवैद्य हार्वेला होती. समागमाच्या हंगामानंतर कित्येक आठवडे त्याने हरिणींचे गर्भाशय उघडले. आत ना वीर्य सापडलं, ना अंडं, ना रक्ताची गाठ. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि पुढे पाडस तर जन्मतं, तेव्हा गर्भ धरणं ही मेंदूत कल्पना धरण्यासारखी काहीतरी अमूर्त क्रिया असली पाहिजे, अशा निष्कर्षाला तो पोचला. त्या युक्तिवादात पिल्लं नसताना आई झालेली कुत्री फार उपयोगी साक्षीदार होती. साक्ष खरी, निकाल चुकीचा.

त्याच्या दोन हजार वर्षं आधी ग्रीक शिकाऱ्यांनी कुत्रीच्या माजाचे दिवस मोजले होते. झेनोफनच्या शिकारीवरच्या पुस्तिकेत माज चौदा दिवसांचा आणि गाभणकाळ साठ दिवसांचा सांगितला आहे. अ‍ॅरिस्टॉटलने लॅकोनियाच्या शिकारी कुत्र्यांसाठी साठावर एक-दोन-तीन दिवस आणखी धरले. झेनोफन असंही बजावतो की पिल्लं सख्ख्या आईपाशीच राहू द्यावीत, दुसरीच्या अंगावर पाजू नयेत. पुढे कुत्री बाळगणाऱ्यांनी हा सल्ला फारसा मानला नाही. विताना आई दगावली किंवा तिला दूध कमी पडलं, तर न विता दुभती झालेली एखादी कुत्री शोधायची आणि पिल्लं तिच्या पोटाशी लावायची, ही युक्ती जाणत्यांना ठाऊक होती. शास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं, तेव्हा या लोकांनी त्याचा व्यवहारात उपयोग करून टाकला होता.

माणसांच्या वैद्यकात हे कोडं वेगळ्या वाटेने आलं. चरकसंहितेत रक्तगुल्माचं वर्णन आहे: पाळी थांबते, डोहाळ्यांसारखी लक्षणं दिसतात, पोट वाढतं, पण हलतो तो अवयव नसलेला नुसता गोळा. वैद्याला दिलेली सूचना मोठी शहाणपणाची आहे. दहावा महिना उलटल्याशिवाय या गोळ्यावर उपचार करू नयेत, म्हणजे चुकून खऱ्या गर्भावर घाला पडणार नाही. इंग्लंडात मेरी ट्यूडरच्या वेळी अशीच वाट पाहावी लागली. 1555च्या एप्रिलमध्ये राणी बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेली, महिनाअखेरीस राजपुत्र झाल्याची आवई उठून लंडनमध्ये घंटा वाजल्या, आणि ऑगस्टमध्ये काहीच न घडता दरबार तिथून हलला. वारसाची ओढ, राजकारणाचं दडपण आणि आजारी शरीर यांपैकी कशाचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून लिहितात. 1823 साली जॉन मेसन गुड या इंग्रज वैद्याने या अवस्थेसाठी ‘स्यूडोसायेसिस’ हे ग्रीक वळणाचं नाव बनवलं. पुढे तेच नाव कुत्र्यांनाही लावलं गेलं, आणि नावाबरोबर स्त्रियांविषयीचे समजही कुत्रीला चिकटले: तीव्र इच्छा, हळवं मन, भ्रम. स्त्रियांत ही अवस्था विरळा आणि गुंतागुंतीची असते. कुत्र्यांत ती इतकी नित्याची आहे की तिला अपवाद म्हणणंच कठीण. दोन्ही एकाच खणात टाकल्याने समजुतीचा घोळ झाला तो झालाच.

तो सोडवायला कुत्र्यांनीच मदत केली. काहींनी जीव देऊन. 1827 साली क्योनिग्सबर्गमध्ये कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर सस्तन प्राण्याचं बीजांड शोधत होता. सहकारी बुर्डाखच्या घरी एक कुत्री होती, नुकतीच फळलेली. तिला मारून बेअरने तिचा बीजकोश सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आतला पिवळसर ठिपका पाहून तो दचकून मागे सरला, असं सांगतात. सस्तन प्राण्याचं बीजांड माणसाने पहिल्यांदा ओळखलं ते असं, एका पाळीव कुत्रीत. हार्वेला हरिणीत जे दिसलं नव्हतं, ते इतकं बारीक होतं. पुढे 1844 साली थिओडोर बिशोफ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बीजांडं पिकून बाहेर पडायला समागमाची गरज नसते; माजाबरोबर ती आपोआप सुटतात. खोट्या गाभणपणाच्या उत्तराचा अर्धा भाग इथे हाती आला होता, पण तो या प्रश्नाशी जोडायला आणखी साठ-सत्तर वर्षं गेली.

जोडणाऱ्यांत एफ. एच. ए. मार्शल हे नाव महत्त्वाचं. एडिंबरात असताना जॉली या सहकाऱ्याबरोबर त्याने कुत्रीच्या माजचक्राचा अभ्यास केला. तो 1905 साली छापून आला. 1917मध्ये हॅल्नन यांच्याबरोबर त्याने गाभण नसलेल्या कुत्र्यांचं गर्भाशय आणि स्तनग्रंथी माजानंतर आठवड्यामागून आठवडे तपासल्या. गर्भ नसूनही गर्भाशयाचं अस्तर जाड होत होतं, ग्रंथी वाढत होत्या, आणि गाभण कुत्र्या जेव्हा वितात साधारण त्याच सुमाराला दूध दिसत होतं. ज्या कुत्र्यांमध्ये बाहेरून काहीच लक्षण नव्हतं, त्यांच्यातही आतला क्रम तोच. म्हणजे प्रश्नच उलटा झाला. काही कुत्र्या खोट्या गाभण का होतात, हे विचारण्यात अर्थ उरला नाही. बीज सुटलेली प्रत्येक कुत्री ही वाट चालते, फक्त काहींचं चालणं आपल्याला दिसतं.

याचं मर्म पीतपिंडात आहे. बीजांड सुटल्यावर बीजकोशात त्याच्या जागी एक पिवळी गाठ तयार होते आणि प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. स्त्रीमध्ये गर्भ राहिला नाही तर ती गाठ साधारण दोन आठवड्यांत विझते आणि पाळी येते. उंदरामध्ये तिला टिकवायला निदान समागम तरी व्हावा लागतो. मेंढीत गर्भ नसेल तर गर्भाशयच तिला संपवण्याचा निरोप धाडतं. कुत्रीकडे असा निरोप्याच नाही. गर्भ असो वा नसो, तिचा पीतपिंड दोन महिने किंवा त्याहून थोडा अधिक काळ काम करत राहतो. शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरू लागलं की पोषग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढतं, आणि या संप्रेरकाची दोन कामं आहेत: दूध आणि माया. दूध उतरवणारं हे संप्रेरक 1928 साली स्ट्रासबुर्गमध्ये श्ट्रिकर आणि ग्रुटर यांनी सशांवरच्या प्रयोगांत पकडलं, आणि ते ससेही खोटे गाभणच होते. नाव मात्र अमेरिकेत ऑस्कर रिडलने दिलं. त्याने ते पाहिलं ते पारव्यांच्या गळ्यात, जिथे नर-मादी दोघंही पिल्लांसाठी दुधासारखा पदार्थ तयार करतात. पुढे रक्तातली संप्रेरकं अगदी बारीक मापाने मोजता येऊ लागली आणि 1974 साली गाभण व बिनगाभण कुत्र्यांच्या प्रोजेस्टेरॉनचे आलेख शेजारी शेजारी मांडले गेले. एकावरून दुसरा ओळखता येईना. मार्शलने पेशींत पाहिलं होतं, तेच आता आकड्यांत आलं.

मग निसर्गाने ही उधळपट्टी का ठेवावी? उत्तरासाठी संशोधक लांडग्यांकडे वळले. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच; त्यात साधारणपणे एकच जोडी पिल्लं जन्माला घालते आणि वाढवते. बाकीच्या प्रौढ माद्यांना माज येतो, पण त्या सहसा गाभण राहत नाहीत. 1979मध्ये प्रसिद्ध झालेल्या लांडग्यांच्या संप्रेरकांच्या अभ्यासात अशा माद्यांमध्येही कुत्रीसारखंच लांबलेलं खोटं गाभणपण आढळलं. मावशी-मोठी बहीण अशा नात्यांतल्या या माद्या त्याच सुमाराला पिल्लांकडे ओढल्या जात असतील तर कळपाचा फायदाच. सेरेंगेटीतल्या बुटक्या मुंगसांमध्ये तर दुय्यम माद्या न विता दूध पाजतात, अशी नोंद 1991 साली झाली. कुत्रीचा वारसा तिथूनच आला, हे शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही. पण आतापर्यंतच्या स्पष्टीकरणांत हेच सर्वांत पटणारं आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवरही याचे धागे दिसतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या मनाबी पॉल आणि अनिंदिता भद्रा यांनी भटक्या कुत्र्यांच्या गटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. आईखेरीज इतर माद्या पिल्लांची राखण करतात, त्यांच्याशी खेळतात, आणि पिल्लंही संधी साधून दुसऱ्या दुभत्या मादीचं दूध चोरतात, असं त्यांना दिसलं. 2018च्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकात त्यांनी या गटांना चक्क भारतीय एकत्र कुटुंबं म्हटलं आहे.

कारण कळायच्या कितीतरी आधीपासून उपाय चालूच होते. कापूर घातलेलं तेल आचळांना चोळायचं, जुलाब द्यायचा, पोट बांधायचं, खाणं-पाणी तोडायचं. यातल्या बहुतेक उपायांना यश यायचं, कारण काहीही न करता दोन-तीन आठवड्यांत दूध आटतंच. श्रेय कापराला मिळायचं. चोळण्याने तर उलट दूध वाढतं; आचळांना झालेला प्रत्येक स्पर्श पोषग्रंथीला पिल्लू पितंय असंच सांगतो.

खरं नुकसान नंतरच्या, अधिक शास्त्रीय काळात झालं. 1938 साली चार्ल्स डॉड्सच्या गटाने स्टिलबेस्ट्रॉल हे स्वस्त कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं आणि पशुवैद्यांच्या हाती एक जोरकस हत्यार आलं. दूध थांबे, पण अस्थिमज्जा दुबळी होण्याचा आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढे. त्यामागून मेजेस्ट्रॉलसारख्या प्रोजेस्टेरॉनच्या भाऊबंदांची पाळी आली. त्यांनी लक्षणं झटकन दबत, आणि औषध बंद केलं की पुन्हा उफाळत. पीतपिंडाचं काम औषधाने लांबवायचं आणि मग एकदम थांबवायचं, तर मूळ घटनाच पुन्हा घडणार हे आज उघड दिसतं. त्या काळी दिसलं नाही, कारण डोळ्यांसमोर होतं ते दूध, प्रोलॅक्टिन नव्हतं.

नेमकं औषध आलं ते धान्यावरच्या बुरशीतून, आणि या कथेत महाराष्ट्राच्या बाजरीचीही एक बाजू आहे. युरोपात राय या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीने मध्ययुगात गावंच्या गावं जायबंदी केली. सुईणी त्याच काळ्या खड्यांचा कळा वाढवायला उपयोग करत. बाजरीवर पडतो तो त्याच कुळातला दुसरा अरगट. फुलोऱ्यात कणसातून गुलाबी चिकट थेंब पाझरतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळसर कडक खडे उरतात. 1950च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, चक्कर यांचा मोठा त्रास झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे खडे काढून टाकण्याचा सल्ला कृषी खातं आजही देतं, तो याच बुरशीसाठी. 1959 साली दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या, पशुवैद्यांनी लिहिलं की अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणी वितात, पण त्यांना दूधच येत नाही. पिल्लं उपाशी मरतात.

डुकरं पाळणाऱ्याचं ते संकट औषधवाल्यांसाठी खूण ठरलं. इस्राएलमध्ये मोझेस शेलेस्न्याक 1950च्या दशकातच अरगटातल्या द्रव्यांनी उंदरांचं खोटं गाभणपण मोडत होता. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सँडोज कंपनीची अरगटावर दशकानुदशकं काम करणारी प्रयोगशाळा होती. एलएसडीचा जन्म तिथलाच. तिथेच 1960च्या दशकात एडवर्ड फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिन अडवणारं ब्रोमोक्रिप्टीन घडवलं. मेंदूतल्या डोपामिनचं सोंग घेऊन ते पोषग्रंथीला गप्प करतं. कुत्र्यांत ते लागू पडलं, पण उलट्या फार व्हायच्या. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत तयार झालेलं कॅबर्गोलिन कुत्र्यांमध्ये वापरात आलं. त्याने उलट्या कमी होतात, परिणाम अधिक टिकतो, आणि पाच-सात दिवसांचा कोर्स बहुधा पुरतो. आज पशुवैद्याची पहिली पसंती त्यालाच. ही औषधं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. गाभण कुत्रीला चुकून दिली तर गर्भ पडू शकतो. चरकाने दहा महिने थांबायला का सांगितलं, ते इथे पुन्हा आठवतं.

औषधांच्या या भाऊगर्दीत एक देशी उपाय प्रयोगाला उतरला, तो मोगऱ्याचा. दूध आटवायला बाळंतिणीच्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची दक्षिण भारतात जुनी रीत आहे. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या डॉक्टरांच्या अभ्यासात या फुलांची गाठ थेट ब्रोमोक्रिप्टीनशी घालून दिली होती. प्रोलॅक्टिन दोन्हींनी उतरलं, ब्रोमोक्रिप्टीनने अधिक; दूध आटण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बरोबरीत राहिले. कुत्रीच्या पोटाला गजरा बांधून पाहायला हरकत नाही, फक्त तो ती खाऊन टाकणार नाही याची हमी कुणी द्यावी?

निर्बीजीकरण हा कायमचा उपाय खरा, पण वेळ साधली तरच. माज जाऊन महिना-दोन महिन्यांच्या आत बीजकोश काढले तर प्रोजेस्टेरॉन एका दिवसात कोसळतं, प्रोलॅक्टिन उसळतं, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन-चार दिवसांत दूध आणि बिछाना करण्याचा सोस दोन्ही सुरू होतात. म्हणून पाळीव कुत्रीसाठी माजानंतर तीन-चार महिने थांबायला सांगतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत ही चैन नसते. 2001च्या केंद्रीय नियमांनी पकडा, निर्बीज करा, लस टोचा आणि जागच्या जागी सोडा ही पद्धत देशभर लागू केली. पकडलेल्या मादीचा माज कधी झाला, ते सांगणारं कुणी नसतं. कानाला खूण केलेली मादी दुभती दिसली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असं लगेच समजू नये.

एक समजूत मात्र सगळ्या औषधांना पुरून उरली आहे: एकदा पिल्लं होऊ दिली की हा त्रास जातो. जात नाही. पीतपिंड पुढच्या माजानंतरही तेच करणार, कारण मागच्या वेळी पिल्लं झाली होती की नाही याचा त्याला पत्ताच नसतो. या समजुतीपायी जन्मलेल्या पिल्लांना घरं शोधावी लागतात, ते वेगळंच.

घरच्या कुत्रीला दूध दिसलं तर शेवटच्या माजाची तारीख आठवावी. नराशी गाठ पडल्याची शंका असेल तर पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफी करावी. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. कुत्रीच्या रक्तात खरं गाभणपण सांगणारं संप्रेरक एकच, रिलॅक्सिन, कारण ते वारेतून येतं. आचळं पिळू नयेत, शेकू नयेत. चाटत असेल तर गळ्यात शंकूसारखा पट्टा घालावा. उलटीवर माणसांना दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड घरातल्या डब्यातून काढून देऊ नये, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. सौम्य लक्षणं असतील तर दोन-तीन आठवडे वाट पाहिली तरी चालतं. पण याच आठवड्यांत, याच प्रोजेस्टेरॉनच्या छायेत, गर्भाशयात पू होण्याचा आजारही गाठतो. कुत्री भरमसाट पाणी पिऊ लागली, मलूल झाली, पोट फुगलं किंवा मागून घाण स्राव दिसला, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं.